पिशवीची उबदार बाजू

१

रक्ताची पिशवी ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, आली की लेबल वाचण्याआधी मी तिला हाताची मागची बाजू लावते. तापलेल्या लेकराच्या कपाळाला लावतात तशी. नाव, गट, क्रमांक ताडून बघण्याचा नियम त्यानंतर पाळतेच. सिस्टर मोठ्याने वाचते, मी रुग्णाच्या कागदाशी जुळवते. पण आधी हात. पिशवी गार लागली की जिवाला बरं वाटतं. रक्त फ्रिजमधून निघून सरळ इथे आलं आहे, वाटेत कुठे तापत पडलं नव्हतं, एवढं तो गारवा सांगतो.

भूल देणं हे माझं काम. लखनौला आलमबागमध्ये एका रुग्णालयात मी ते करते. समोरच्या रस्त्यावर मेट्रोचे खांब नव्हते तेव्हापासून. माझे यजमान राजरत्न अमौसीला विमानतळावर अभियंता होते.

आमच्या ओळखीची मराठी घरं इथे मोजकी. कोणी रेल्वेत, कोणी टपालात, कोणी बँकेत, बहुतेक अकोला-बुलढाण्याकडची. इकडे रक्तपेढीतून पिशवी आणण्याचं काम रुग्णाच्या माणसांवर असतं, आणि परक्या गावात माणसं कमी पडतात. त्यामुळे आमच्यात कोणाचंही ऑपरेशन निघालं की फोन राजरत्नना जायचा. ते जायचे, सही करायचे, पिशवी घ्यायचे आणि डब्यात ठेवण्याऐवजी स्वेटरच्या आत, डाव्या बगलेत धरून आणायचे.

यामागे कारण होतं आणि ते कारण मी होते. आमच्या मुलाच्या, वेदांतच्या जन्माच्या वेळी माझं रक्त थांबेना. मी तेव्हा शिकाऊ डॉक्टर होते, म्हणजे काय चाललंय ते कळण्याइतपत शहाणी. जानेवारी होता. पहिली पिशवी थंड लागली. ती थंडी मनगटातून कोपरापर्यंत, कोपरातून खांद्यापर्यंत चढत गेलेली मला अजून आठवते. शिरेतून कोणी बारीक साखळी ओढावी तशी. दात वाजत होते, आणि हृदयाचा एखादा ठोका चुकला की आतून कळत होतं. मग दुसरी पिशवी लागली आणि त्याच वाटेने ऊब चढली. मी डोळे मिटले ते झोप आली म्हणून, एवढंच मला त्या उबेबद्दल सांगता येईल.

नंतर समजलं, कोणा जुन्या डॉक्टरांनी दारातून सांगितलं होतं, "ज़रा गरम करके लाइए", आणि राजरत्न पिशवी बगलेत धरून बाहेरच्या बाकावर बसून राहिले होते.

पुढे मी भुलीचं शास्त्र शिकले आणि त्यांच्याशी भांडू लागले. पिशवी अशी अंगावर तापवायची नसते. किती तापली, किती वेळ तापली, कोणी सांगू शकत नाही. रक्त बिघडलं तर माणूस जातो. रक्त गरम करायला यंत्र असतं. ते ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "मॅडम, तुमचं यंत्र चालू असलं की मला सांगा. मग मी घरी बसतो."

गेल्या वर्षी फेब्रुवारीत ते गेले. कार्यालयात, खुर्चीत, चहा येईपर्यंत. रक्त लागलं नाही, भूल लागली नाही. माझ्या हातचं काहीच त्यांना लागलं नाही.

२

डिसेंबरमध्ये एका आजोबांच्या खुब्याचं ऑपरेशन होतं. नेहमीचं काम. एक पिशवी मागवून ठेवली होती. सिस्टर विमलाने थर्माकोलच्या डब्यातून ती काढून माझ्यापुढे धरली, मी हात लावला आणि मागे घेतला.

पिशवी उबदार होती.

मी ती उलटी केली. दुसरी बाजू गार होती, जशी असायला हवी तशी. पुन्हा पालथी केली. ऊब एका बाजूलाच होती आणि तिथे मधोमध एक उथळ खळगा पडला होता. कशाला तरी दाबून धरल्यासारखा.

डब्यात बघितलं. बर्फाचे पॅक दगडासारखे होते, वर पांढरं हिव जमलेलं. पिशवी त्यांच्यामध्ये ठेवलेली होती, असं विमला म्हणाली.

मी रक्तपेढीत फोन लावला. श्रीवास्तवजी तिथले जुने माणूस. ते म्हणाले, आत्ताच फ्रिजमधून काढून दिली, देताना माझी बोटं गारठली. मी पिशवी परत पाठवली. आजोबांना ती लागली नाही, सगळं नीट झालं.

कारण शोधायला मला फार वेळ लागला नाही. थंडीत रक्तपेढीच्या खिडकीशी हीटर ठेवलेला असतो. कोणीतरी पिशवी त्यावर टेकवली असेल, मग चूक लक्षात येऊन डब्यात टाकली असेल. एक बाजू तापली, दुसरी नाही. खळगा डब्याच्या कडेचा. हे सगळं पटण्यासारखं होतं. फक्त अशी पिशवी बर्फात ठेवली तर तिच्याजवळचा बर्फ थोडा तरी वितळायला हवा होता.

घरी जाताना मेट्रोत मी हाताची मागची बाजू नाकाशी नेली. का नेली, ते सांगता येणार नाही. साबणाचा वास आला.

३

नाताळच्या सुट्टीत बेबीताई आल्या. त्या टपाल खात्यातून निवृत्त झालेल्या. राजरत्नना भाऊ मानायच्या, म्हणून मी वहिनी. सोबत मटारची पिशवी घेऊन आल्या, कारण लखनौत हिवाळ्यात दोन बायका नुसत्या बसून बोलल्या तर पाप लागतं. शेंगा सोलता सोलता त्यांनी विषय काढला. पायलचं, त्यांच्या मुलीचं, दुसरं बाळंतपण जानेवारीत होतं. पहिलं सिझेरियन झालेलं, आणि या वेळी वार खाली, जुन्या टाक्यावर आलेली. सोनोग्राफीवाला म्हणाला, चिकटलेली दिसत नाही. दिसत नाही आणि नाही, यातला फरक बेबीताईंना माहीत होता आणि मलाही.

"राजदादा असते तर मले रक्ताची फिकीर नसती," त्या म्हणाल्या. "आता आदेशवर आहे सारं. आमचा जावई मोठा गुणी. दही आणाले धाडलं तर पनीर आणते, अन् वरून म्हणते, मम्मीजी, ताज़ा था."

मी हसले. त्या हसल्या नाहीत. दाणे वाटीत टाकत म्हणाल्या, "वहिनी, तुम्ही तिच्या डोक्याशी असा. बाकी कोणी असो नसो. तिच्या डोक्याशी तुम्ही."

मी हो म्हटलं. अशा वेळी डॉक्टरांनी हो म्हणू नये असं मी माझ्या हाताखालच्या मुलांना शिकवते.

जाण्याआधी त्या हात धुवायला आत गेल्या. बाहेर आल्या त्या पदराला बोटं पुसत. म्हणाल्या, "धुतलेलं स्वेटर दाराआड काहून टांगलं? वाळणार नाही असं. ओलं लागलं मले."

झोपण्याच्या खोलीच्या दाराआड राजरत्नचं मरून रंगाचं बिनबाह्यांचं स्वेटर खिळ्याला असतं. ते गेल्यापासून मी ते धुतलं नव्हतं.

बेबीताई गेल्यावर मी दार ओढून पाहिलं. स्वेटर कोरडं होतं. फक्त डाव्या बगलेपाशी, जिथे इतक्या वर्षांत विणीचे टाके सैल झाले होते, तिथे ते ओलं होतं, आणि गार. थंडीत कपडे गार पडतात तसं नव्हे. फ्रिजमधली वस्तू घाम सोडते तसं.

मी भिंतीवर हात फिरवला. ओल असेल म्हणून. भिंत कोरडी होती. स्वेटर गच्चीवर टाकलं. धुकं होतं, ऊन दोन दिवस पडलं नाही. तिसऱ्या दिवशी सुकलं तेव्हा परत खिळ्याला लावलं.

४

पायलच्या ऑपरेशनच्या दिवशीही धुकं होतं. ओटीत पोचले तेव्हा रक्त गरम करण्याचं यंत्र लाल दिवा दाखवत होतं. बंद करून चालू केलं, पुन्हा लाल. दुसरं यंत्र शेजारच्या ओटीत एका मोठ्या शस्त्रक्रियेत अडकलेलं. चार पिशव्या जुळवून ठेवायला सांगितल्या होत्या. दोन डब्यात आल्या होत्या, दोन आणायला आदेशला पाठवलं होतं. थांबावं का, असं मी सबीहाला विचारलं. डॉ. सबीहा रिझवी शस्त्रक्रिया करणार होती. पायलला पहाटेपासून कळा सुरू झाल्या होत्या. थांबण्यात धोका जास्त होता.

कमरेतून भूल दिली, पायल जागी होती. तिच्या डोक्याशी मी स्टूल ओढून बसले.

"मामी, मम्मी बाहर रो रही है क्या?"

"नाही. आदेशला रागावते आहे."

"फिर ठीक है," ती म्हणाली.

सबीहा काम करताना बोलत असते. भाचीचं लग्न, चौकातले कबाब, पुतण्याची परीक्षा. त्या बडबडीवरून मी अर्धं ऑपरेशन न बघता ओळखते. बाळ बाहेर आलं, मुलगी, लगेच रडली. सबीहा लग्नाच्या जेवणापर्यंत आली होती. वार सोडवायला तिने हात आत घातला आणि वाक्य अर्धंच राहिलं.

ती गप्प झाली की मी स्टूलवरून उठते.

सक्शनचा आवाज बदलला. आधी तो घोट घेत होता, आता अखंड ओढू लागला, आणि भिंतीवरची बाटली भरायला लागली. वार निघत नव्हती. जिथे निघाली तिथे खालून रक्त येत होतं, झऱ्यासारखं, न उसळता, न थांबता.

"मामी," पायल म्हणाली, "ठंड लग रही है."

रक्तदाबाचा वरचा आकडा नव्वद होता, मग सत्तर, मग यंत्राने पट्टा फुगवून सोडला आणि काहीच दाखवलं नाही. मी तिला पूर्ण झोपवलं, श्वासाची नळी घातली. दोन्ही हातांत जाड सुया आधीच होत्या. एकीकडे सलाइन मोकळं सोडलं, दुसरीकडे पहिली पिशवी. दाब टिकवायचं औषध, रक्त गोठायला मदत करणारं औषध, कॅल्शियम. हे सगळं हात आपोआप करतात. करताना मी प्रत्येक गोष्ट मोठ्याने बोलते, म्हणजे खोलीत सगळ्यांना कळतं आणि मलाही.

पहिल्या दोन पिशव्या गार होत्या. गार रक्त घाईने आत गेलं की अंग थंड पडतं; अंग थंड पडलं की रक्त गोठायचं विसरतं; गोठलं नाही की आणखी वाहतं, आणि आणखी गार रक्त द्यावं लागतं. या फेऱ्यात सापडलेला माणूस डोळ्यांदेखत निसटतो. पायलचं तापमान खाली चाललं होतं. पडद्यावरच्या रेषेत मधूनच एक वेडावाकडा ठोका येऊ लागला. सबीहाने टाचलेल्या जागेतूनही रक्त झिरपत होतं. पातळ, पाण्यासारखं.

मग सबीहाने एक काम केलं ज्याबद्दल मी तिची आयुष्यभर ऋणी राहीन. टाके घालणं थांबवून तिने मूठ आत घातली आणि पाठीच्या कण्यावर मोठी रक्तवाहिनी दाबून धरली. झरा मंदावला.

"मैं दबाए हूँ," ती म्हणाली. "तुम जितना भर सकती हो, भर लो. जब कहोगी तब हाथ हटाऊँगी."

माझ्याकडे भरायला काही उरलं नव्हतं.

५

दार ढकललं गेलं. विमलाने दुसरा डबा आत घेतला, झाकण काढलं, आणि तिसरी पिशवी माझ्यापुढे धरली.

मी हात लावला.

एक बाजू उबदार. चांगली, अंगासारखी उबदार. मधोमध खळगा. दुसरी बाजू गार. डब्यातला बर्फ टणक, वर हिव.

विमलाच्या बोटांनाही ते कळलं होतं. "मैडम, ये गरम है," ती हळू म्हणाली. "पिछली बार आपने लौटा दी थी."

मी पिशवी दिव्यापुढे धरली. इथे मला काय वाटलं ते लिहिण्यापेक्षा काय दिसलं ते लिहिते. रक्ताचा रंग नेहमीचा होता. जांभळी झाक नव्हती, फेस नव्हता, गाठी नव्हत्या. लेबल बरोबर होतं. रक्तपेढीतून निघून अर्धा तासही झाला नव्हता. जी पिशवी रात्रभर बाहेर पडलेली असते, ती दोन्ही बाजूंनी सारखी असते. हिची एक बाजू अजून गार होती; म्हणजे ती थोड्याच वेळापूर्वी पूर्ण गार होती. कोणीतरी ती आत्ता, एवढ्यातच, तापवायला घेतली होती.

हीटरवरही असंच होतं, हे मला ठाऊक होतं. आणि हीटरवर तापलेलं रक्त आतल्या आत फुटलेलं असलं तर ते मी पायलच्या शिरेत माझ्या हाताने घालणार होते. तिला त्यातून परत आणता आलं नसतं. पिशवी परत पाठवली तरी नसतं.

मी पिशवीचा खळगा असलेला भाग माझ्या गालाला लावला. ओटीत असं कोणी करत नाही. विमलाने मान दुसरीकडे वळवली.

"लगाइए," मी म्हणाले.

रक्त नळीतून उतरलं. मी पायलचा हात धरून बसले आणि, वेडेपणा होता, तिच्या मनगटापासून कोपरापर्यंत बोटं फिरवत राहिले. ऊब वर चढताना बाहेरून कळत नसते. मला कळली असं मी म्हणत नाही.

६

चौथी पिशवी तशीच होती.

आणखी पिशव्या लागणार होत्या. मी विमलाला म्हटलं, आदेशला पुन्हा पाठव. ती दाराकडे गेली. ओटीच्या दाराला गोल काच आहे, ताटलीएवढी. पलीकडे वाट पाहण्याचा बोळ आणि भिंतीला लागून स्टीलचा बाक. माझ्या जागेवरून काचेतून बाकाचा मधला तुकडा दिसतो. बसलेल्या माणसाची छाती, हात, मांड्या. डोकं दिसत नाही, ते काचेच्या वर राहतं.

बाकावर कोणीतरी बसलं होतं.

दोन्ही हात छातीवर आवळून, पंजे बगलांत खुपसून. इथे जानेवारीत निम्मं शहर असंच बसतं. अंगात मरून रंगाचं काही होतं. तो माणूस किंचित पुढे-मागे हलत होता. कुडकुडणाऱ्या माणसाला स्वतःलाही माहीत नसतं की आपण असे हलतो आहोत. डाव्या दंडाखालून काहीतरी चौकोनी टोक बाहेर आलं होतं आणि त्याला एक आखूड नळी होती.

पिशवीत रक्त नव्हे, दुसरं काही असेल असं मी स्वतःला सांगू शकले असते. जेवणाचा डबा, औषधं. पण तो दंड दुखत होता. डाव्या खांद्याचं त्यांचं ते दुखणं विमानतळावरच्या खुर्चीमुळे होतं. ते दर थोड्या वेळाने खांदा एकदाच वर उचलत आणि सोडत. बाकावरच्या माणसाने खांदा उचलला आणि सोडला.

दार माझ्यापासून चार पावलांवर होतं. चार पावलं म्हणजे काहीच नाही.

माझी दोन बोटं पायलच्या मानेवर होती. यंत्र अजून आकडा दाखवत नव्हतं. तिच्या गळ्यातली ती बारीक थरथर हाच एक आकडा होता. बोटं काढली तर ती आहे की गेली हे खोलीत कोणालाच कळलं नसतं. सबीहाची मूठ आत होती. ती माझ्या तोंडाकडे बघत होती.

मी बोटं काढली नाहीत.

विमलाने दार उघडलं, ती बाहेर गेली, झडप झुलली. काच एकदा वाकडी होऊन सरळ झाली. बाक रिकामा होता, की मध्ये विमला उभी होती, मला ठरवता आलं नाही. ती पिशवी घेऊन परत आली. कोणी दिली, हे मी विचारलं नाही. हात लावला, लेबल वाचलं, "लगाइए" म्हटलं.

थोड्या वेळाने बोटांखालची थरथर ठोका झाली. पट्टा फुगला आणि यंत्राने आकडा दाखवला. लहानसा, पण आकडा. टाक्यांतून झिरपणारं रक्त घट्ट होऊ लागलं. मी सबीहाला मान हलवून खूण केली. तिने हात हळू उचलला, वाट पाहिली, आणि गर्भाशय काढायला घेतलं. मग तिने अर्धवट राहिलेल्या लग्नाच्या जेवणातली बिर्याणी पुढे सांगायला सुरुवात केली.  आम्ही सगळ्यांनी ती बिर्याणी फार लक्ष देऊन ऐकली.

७

पायल वाचली. दुसऱ्या दिवशी तिची श्वासाची नळी काढली तेव्हा तिने पहिल्यांदा बाळाबद्दल विचारलं, मग आदेश जेवला का ते. बेबीताईंनी माझे हात धरून स्वतःच्या कपाळाला लावले. 

आदेशला मी बोळात गाठलं. पिशव्या कशा आणल्यास, असं साधंच विचारलं. तो घाबरला, त्याला वाटलं काही चुकलं. डब्यातच आणल्या, म्हणाला, झाकणाला टेपसुद्धा लावली होती. दारात आयाबाईच्या हातात दिला डबा. मग तू बाकावर बसलास का?

"नहीं मामी, मैं लिफ्ट के पास खड़ा था. बेंच पे बैठा था पहले, पर बैठा नहीं गया. बर्फ़ जैसी थी."

स्टील थंडीत गार पडतंच. मी त्याला तसं म्हटलं. तो "हाँ, वही होगा" म्हणाला आणि जाता जाता पुढे म्हणाला, "एक ही तरफ़ से थी."

घरी आले. दाराआड हात घातला. स्वेटरची डावी बाजू पूर्ण भिजली होती, बगलेपासून खालच्या काठापर्यंत, आणि इतकी गार की बोटं बधिर झाली. तेव्हा पहिल्यांदा मला भीती वाटली. बाकावर बघताना वाटली नव्हती.

ऊब कुठून तरी यावी लागते, एवढं शास्त्र मला येतं. जी पिशवीत गेली ती कोणाची तरी कमी झाली. जिवंत माणूस जेवतो, चहा पितो, उन्हात बसतो आणि भरून काढतो. जो जेवत नाही, त्याच्यापाशी ती किती उरली असेल? तो ती कुठून भरणार? आणि माझ्या ओटीत जितक्या पिशव्या लागतील तितक्यांदा तो त्या बाकावर येऊन बसणार का?

मी ते ओलं स्वेटर अंगात घातलं आणि रजई ओढून पडले. दात वाजले. मी काढलं नाही. ते सुकायला पहाट झाली.

८

मार्चमध्ये बाळाचं नाव ठेवलं. पंचशील झालं, सगळ्यांची जेवणं झाली. पायल सावकाश चालत माझ्यापाशी आली, बाळ माझ्या मांडीवर दिलं आणि माझे हात तिच्या हातांत घेतले.

"मामी, आपके हाथ कितने ठंडे हैं."

"वय झालं," मी म्हटलं.

तिने ते दोन्ही तळव्यांमध्ये धरून चोळले, लहान मुलाचे चोळतात तसे, बराच वेळ. काही फरक पडला नाही, पण मी तिला थांबवलं नाही.

आता उन्हाळ्यातली गरम लू वाहते आहे. दुपारी आलमबागचा रस्ता तापून पांढरा दिसतो. वेदांत फोनवर विचारतो, मम्मी, एसी नीट चालतोय ना; मी हो म्हणते, एसी लावत नाही. रात्री स्वेटर घालून झोपते. ज्या दिवशी ओटीत रक्त लागलेलं असतं त्या रात्री ते गार असतं, आणि सकाळपर्यंत उबदार होतं. त्याला पूर्वीइतका वेळ लागत नाही. विमलाने माझ्यासाठी लोकरी मोजे आणून ठेवले आहेत. रुग्णाला हात लावण्याआधी मी तळवे एकमेकांवर घासते, कारण माझ्या स्पर्शाने लोक दचकतात. थर्मामीटर माझा आकडा जरा खालचाच दाखवतो. तब्येत ठीक आहे. तक्रार नाही.

काल एका बाईचं मोठं ऑपरेशन होतं. रक्त गरम करण्याचं यंत्र नवीन आलं आहे, हिरवा दिवा दाखवत होतं. विमलाने डब्यातून पिशवी काढली. बर्फ टणक होता. मी हाताची मागची बाजू लावली, मग पिशवी उलटी केली आणि पुन्हा लावली.

या वेळी ती दोन्ही बाजूंनी उबदार होती. एका बाजूला तो जुना खळगा. दुसऱ्या बाजूला आणखी एक, जरासा लहान.

मी रंग पाहिला. गाठी नव्हत्या, फेस नव्हता. विमलाने नाव वाचलं, गट वाचला, मी कागदाशी जुळवला. मग लावायला सांगितलं.